वाढत्या अंगाचं माप

मशीनवर कापड नव्हतं, तरी मशीन चालत होतं. आजीचे पाय पायडलवर, हात मांडीवर आणि नजर रस्त्याच्या वळणावर, जिथून दिवस कलल्यावर माणसाची आधी सावली यायची आणि मग माणूस.

"अगं, रिकामं मशीन चालवू नये," आजोबा कात्रीवरून मान न उचलता म्हणाले. "पट्टा झिजतो."

"झिजू दे. इथं काय काय झिजतंय, त्यात पट्ट्याचं कसलं कौतुक?"

"नवा आणायला मलाच जावं लागतं."

"जा की. तेवढंच या घरातून कुणीतरी बाहेर जाऊन परत येईल."

आजोबांची कात्री थांबली, मग पुन्हा चालू लागली. नऊ महिने झाले, आजीच्या बोलण्याला असं टोक आलं होतं आणि ते नेहमी जवळच्याच माणसाला लागायचं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशीनं, एक लांब टेबल, भिंतीला उभे टेकवलेले तागे: निळा, राखाडी, मेंदी. तीन शाळांचे गणवेश इथे शिवले जायचे. आजोबा मापं घ्यायचे, कापायचे, शिवायचे. आजी काज करायची, बटणं लावायची, हातशिलाई घालायची. आणि काज करता करता ती ओळी जुळवायची, दोन-दोनच्या जोडीनं, कुणी न लिहिलेल्या, शर्टाची घडी होईपर्यंत तिलाही न आठवणाऱ्या. पूर्वी त्या ओळींत शेजारणीची फजिती असायची, उशिरा येणाऱ्या गिऱ्हाइकाची चेष्टा असायची, आजोबांचं टक्कल असायचं. आता एकच विषय उरला होता.

काज घालते बाई मी, सहा काजांची ओळ,
सहाव्या काजापाशी उठे काळजात कळ.

ती कळ सात वर्षांची होती. लेक आणि जावई तिला दत्तक घेऊन आले तेव्हा तीन वर्षांची, हातापायांच्या काड्या, डोळे तेवढे मोठे. आजोबांनी कौतुकानं कडेवर घेतलं तर तिनं त्यांच्या बोटाला कडकडून चावा घेतला. "अरे बापरे," आजोबा बोट झटकत म्हणाले, "ही तर टाचणी आहे!" लेकीनं महिनाभर विचार करून एक सुंदर नाव ठेवलं होतं, ते कागदावर राहिलं. घरात ती टाचणीच झाली. लेकीला मूल होत नाही याबद्दल लोक पूर्वी हळू आवाजात बोलायचे. नंतर बोलेनासे झाले, कारण टाचणीबद्दलच बोलण्यासारखं इतकं असायचं. ती आजोबांच्या टेबलाखाली बसायची, पडलेल्या चिंध्या रंगांप्रमाणे लावायची आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला खालूनच विचारायची, "तुमचं माप घेतलं का?"

मग लेक आजारी पडली आणि पाच महिन्यांत गेली. जावई लांब पल्ल्याच्या मालट्रकवर ड्रायव्हर. बायको गेल्यावर तो बोलेनासा झाला. गाडीवरून यायचा, अंघोळ न करताच खोलीत पडून राहायचा, टाचणी त्याच्या बुटांच्या नाड्या सोडत बसायची. हे बघून आजीला राहवलं नाही. एक दिवस ती त्याला म्हणाली, "तुझ्याच्यानं व्हायचं नाही हे. पोरगी आम्हाला देऊन टाक."

जावई काही बोलला नाही. पुढच्याच आठवड्यात तो शाळेत गेला, टाचणीला घेऊन निघाला आणि भाड्याची खोली रिकामी करून गेला तो गेलाच. फोन बंद.

पोलीस चौकीत साहेब म्हणाले, "आजी, बापानं पोरीला नेलं याला हरवणं म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात? तो शब्द सांगा, मी तो लिहून देते."

चौथ्या महिन्यात जावयाचा एकदाच फोन आला. मागे गाड्यांचे हॉर्न. "ती चांगल्या ठिकाणी आहे. मुलांच्या वसतिगृहात ठेवलीय. मला सारखं गाडीवर जावं लागतं. शोधू नका." कुठल्या वसतिगृहात, हे आजी विचारेपर्यंत फोन कट झाला. तो नंबर पुन्हा लागला नाही.

तेव्हा दोघं वकीलबाईंकडे गेली. वकीलबाई काळ्या कोटाखाली धावायचे बूट घालायच्या, कारण एका मजल्यावरच्या कोर्टातून दुसऱ्या मजल्यावरच्या कोर्टात त्यांना पळावं लागायचं. त्यांनी ताब्याचा अर्ज केला: आजी-आजोबांना नातीचा ताबा मिळावा. "अडचण एकच आहे," त्या म्हणाल्या, "ताबा मागायचा तर पोर कुठं आहे ते माहीत पाहिजे. आधी शोधायला लावू." कोर्टानं एकतीस वसतिगृहांना पत्रं पाठवली. त्यात नाव, वय, उंची. फोटो होता तो चौथ्या वर्षाचा, ताप येऊन गेल्यावर केस कापलेले तेव्हाचा. नंतरचे सगळे फोटो लेकीच्या फोनमध्ये, आणि तो फोन जावयाकडे.

एकतीस उत्तरं आली. एकतीसही नकाराची.

पुढची तारीख गुरुवारची होती, आठ दिवसांवर. तोवर काही हाती लागलं नाही तर न्यायाधीश प्रकरण दप्तरी दाखल करतील, असं वकीलबाईंनी सांगून ठेवलं होतं.

"म्हणजे बंद?" आजीनं विचारलं होतं.

"बंद नाही हो. झोपवतील."

"मला नऊ महिने झोप नाही, आणि तुमचे कागद झोपणार?"

म्हणून ते मशीन रिकामं चालत होतं.

तेवढ्यात एक बाई दुकानात शिरली, हातात चार दिवसांपूर्वी नेलेला शर्ट. नेहमीचं गिऱ्हाईक, तोंडाची मोकळी. तिनं शर्ट टेबलावर पसरला. "आजोबा, हे माप आहे की पुढच्या निवडणुकीचा अंदाज? घातला त्याला सकाळी. मुलगा आत आहे, पण सापडत नाही."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिनं जीभ चावली.

आजोबांनी सावरून घेतलं. "वाढत्या अंगाचं आहे, बाई. वर्ष काढायला नको? बाह्या एक घडी आत घेऊन देतो, मुलगा लगेच सापडेल."

बाई ओशाळं हसली, उद्या येते म्हणाली आणि गेली.

आजी मात्र मशीनवरून उठली होती. ती टेबलापाशी आली, तिनं तो शर्ट उचलला, खांद्यांना धरून समोर उभा केला, जसा आत कुणी असावा तसा.

"अहो. त्या कोर्टाच्या कागदावर टाचणीची उंची कुणी सांगितली?"

"मीच. आणखी कोण सांगणार?"

"कशावरून?"

"वहीवरून. शेवटचा गणवेश शिवला तेव्हाचं माप होतं ना."

"काय लिहिलंय वहीत?"

"एकोणपन्नास इंच."

"आणि टेपवर किती होतं?"

आजोबांचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला.

चाळीस वर्षं त्यांनी मुलांची मापं घेतली होती आणि एकदाही खरं माप लिहिलं नव्हतं. टेप अंगाला लावायची, आकडा बघायचा, मूल कसं आहे ते बघायचं, मनात भर घालायची आणि मग लिहायचं. दांडग्याला दोन इंच, किरकोळ अंगाच्याला तीन. किती वाढवलं ते कुठंच नोंदलेलं नसायचं, कारण लक्षात ठेवायची गरजच नव्हती. मुलं वाढतातच. वही नेहमी मुलांच्या थोडी पुढे चाललेली असायची आणि मुलं धावत येऊन तिला गाठायची.

"किती वाढवलं होतंत?" आजीनं विचारलं.

"पाच," आजोबा म्हणाले. आवाज इतका बारीक की कात्रीनं कापला जावा. "आपलीच होती. म्हटलं, दोन वर्षं जाईल."

"म्हणजे टाचणी चव्वेचाळीसची, आणि पत्र गेलं एकोणपन्नासचं." आजीनं शर्ट खाली ठेवला. "म्हणजे जी पोर अजून झालेलीच नाही, तिला आपण इतके महिने शोधतोय."

आजोबा स्टुलावर बसले. त्यांनी वही ओढली, ते पान काढलं, आणि आकड्यावर बोट ठेवून बसून राहिले. आजीला वाटलं आपण आता ओरडणार. इतके दिवस ओरडायला कारण शोधत होतो आणि आता आयतं मिळालंय. पण तिनं खुंटीवरची पिशवी काढली, चपला घातल्या आणि दारातूनच म्हणाली, "उठा. बसून काय तिथं. वकीलबाई सहाला निघतात."

वकीलबाईंनी डोक्याला हात लावला. तो हात मग तसाच केसांतून मागे गेला. "पाच इंच! आजोबा, या वयाच्या मुलीत पाच इंच म्हणजे दुसरीच मुलगी."

"हो," आजोबा म्हणाले.

"दुरुस्तीचा अर्ज उद्याच टाकते. पण एकतीस ठिकाणी पुन्हा पत्रं जाऊन उत्तरं यायला महिना जाईल. आणि गुरुवार..."

"आम्हीच फोन करतो की," आजी म्हणाली.

"वसतिगृहवाले फोनवर मुलांची माहिती देणार नाहीत. देऊही नये. कुणीही उठून आजी आहे म्हणेल." त्यांनी वही पुढे ओढली. "उंची सोडून आणखी काही खूण? तीळ, व्रण, भाजल्याचा डाग?"

"डाग नाही," आजोबा म्हणाले. "डावा खांदा आहे."

"काय झालंय डाव्या खांद्याला?"

"झालं काही नाही. अर्धा इंच उतरता आहे. नुसतं बघून कळत नाही. सदरा घातला की कळतं, डावीकडची कॉलर मागे पळते. मी तिचा डावा खांदा वेगळा कापतो."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, हे तुम्ही मला आज सांगताय?"

"फॉर्मवर खांद्याचा रकाना नव्हता."

आजी खुर्चीतून उठली, बसली, पुन्हा उठली. तिच्या पायांना पायडल हवं होतं. "वसतिगृहातल्या पोरांना कपडे कोण शिवतं?" तिनं एकदम विचारलं.

"असेल कुणी टेलर, मला काय..." वकीलबाई म्हणता म्हणता थांबल्या.

"वसतिगृहवाले सांगणार नाहीत. टेलर टेलरला सांगेल," आजी म्हणाली. "चला हो."

गणवेशाचं कापड घेणाऱ्यांना घाऊक व्यापारी एकच माहीत असतो. तो गादीवर लोळून फोनवर बोलत होता, आजोबांना बघून उठून बसला. "या, या! या वयात मोठी ऑर्डर घेतलीत वाटतं?" कारण ऐकलं आणि त्याची मस्करी घशातच राहिली. त्यानं बिलांची फाईल काढली आणि वसतिगृहांसाठी कापड नेणाऱ्या टेलरांची नावं, नंबर एका कागदावर लिहून दिले. तेवीस झाले. "आणखी दोघं आहेत," तो म्हणाला, "पण ते माझ्याकडून नेत नाहीत. यांच्यात पोर नाही सापडली तर त्यांचाही नंबर शोधून देतो, आणि शिव्या नंतर देतो."

दोन दिवस आजोबा फोनला चिकटून होते. आजी त्यांच्यामागे उभी राहायची, मग दारापर्यंत जायची, मग स्वयंपाकघरात, मग परत. कुकर लावायची विसरली, लावला तर शिट्ट्या मोजायची विसरली. फोनवरचं बोलणं तिला पाठ झालं होतं. "नमस्कार, मी पण टेलरच. शाळेचे गणवेश. एक माप विचारायचं होतं. सात वर्षांची मुलगी, डावा खांदा अर्धा इंच उतरता."

एकानं आधी कापडाच्या भावाबद्दल दहा मिनिटं ऐकवलं. एक म्हणाला, "आजोबा, मी खांदे बघत नाही, मी डझन बघतो. छोटा, मध्यम, मोठा. पोरं कापडात बसतात." त्यावर आजोबांचा चेहरा असा झाला की आजीला त्याही स्थितीत हसू आलं. एकाला उतरता खांदा सापडला, पण तो मुलगा निघाला. तेरा झाले. सोळा झाले. शनिवार संपला.

रविवारी दुपारी एकोणिसावा नंबर लागला. चार तासांवरच्या गावातली टेलरबाई. तोंडात दोरा धरून बोलत असावी, शब्द दातांतून येत होते.

"डावा खांदा ना?" ती म्हणाली. "आहे की एक. माझ्या चांगलीच लक्षात आहे. मी माप घेत होते तर मलाच सांगते, डावा अर्धा इंच उतरता कापा, नाहीतर कॉलर पळते. एवढीशी पोर! मी म्हटलं, बाई गं, तुला कुणी शिकवलं? तर गप्प झाली ती झाली, दुसऱ्या मापालाही बोलली नाही."

आजोबांनी टेबलाची कड धरली. "उंची?" त्यांनी विचारलं.

"खरी सांगू की वहीतली?"

"खरी."

"चव्वेचाळीस."

आजोबांनी आभार मानले, वसतिगृहाचं नाव लिहून घेतलं आणि फोन ठेवला. आजी कागदाकडे बघत होती, तिला वाचता येत नव्हतं, अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. ती मोठ्यानं रडली, मग पदरानं तोंड पुसून लगेच पिशवी शोधू लागली. टाचणी अजूनही चव्वेचाळीसच आहे, नऊ महिन्यांत वाढलीच नाही, हे आजोबांनी तिला त्या दिवशी सांगितलं नाही.

पुढचं वकीलबाईंनी केलं. कोर्टाचा अधिकारी वसतिगृहात जाऊन आला, अहवाल आला: मुलगी तीच, वडिलांनी तिला स्वतःच्या आईचं नाव देऊन दाखल केलं होतं. गुरुवारी दोघं कोर्टाच्या बाकावर बसली. आजी बसली होती असं म्हणायचं एवढंच. पुकारा करणारा कारकून फाईल चाळत म्हणाला, "दत्तक नात होय? म्हणजे रक्ताचं नातं तसं नाही."

"रक्त तपासायचं असतं तर दवाखान्यात गेलो असतो," आजी म्हणाली. "इथं कशाला आलो असतो?"

कारकुनानं फाईल मिटली.

न्यायाधीश हळू आवाजात बोलणारे होते. त्यांनी अहवाल वाचला, आजी-आजोबांची वयं विचारली, घर, उत्पन्न, तब्येत. वसतिगृहाच्या नोंदीतल्या पत्त्यावर जावयाला नोटीस गेली होती, तो आला नव्हता. "मुलगी सज्ञान होईल तेव्हा तुम्ही ऐंशीच्या पुढे असाल," ते आजोबांना म्हणाले.

"हो साहेब."

"याचा विचार केलाय?"

आजोबांनी आजीकडे पाहिलं. "रोज करतो," ते म्हणाले. "पण ती आज सात वर्षांची आहे."

आदेश झाला. तीन महिन्यांसाठी तात्पुरता ताबा. तोवर वडिलांना पुन्हा नोटीस, त्यांचं म्हणणं ऐकून पुढचा निर्णय. वकीलबाईंनी जिन्यातच आजीचे हात धरले. "झालं आपलं काम!" त्या म्हणाल्या आणि धावायच्या बुटांवरून पुढच्या कोर्टाकडे पळाल्या. आजीला त्या पूर्ण आदेशातला एकच शब्द ऐकू आला होता, ताबा. तीन महिने हे शब्द तिच्या कानांवरून घसरून गेले होते, किंवा तिनं ते घसरू दिले होते.

वसतिगृह स्वच्छ होतं. त्यामुळे आजीला कुणावर चिडावं ते कळेना. लांब व्हरांडा, धुतलेल्या फरशीचा वास, दोरीवर एका मापाचे टॉवेल. अधीक्षकबाईंनी आदेश दोनदा वाचला, रजिस्टर काढलं. त्या थोड्या घाईघाईनं बोलत होत्या. "तुमचं पत्र आलं होतं. मी स्वतः सात-आठ वर्षांच्या सगळ्या मुली उभ्या करून बघितल्या. पण पत्रात एकोणपन्नास इंच. ही भिंतीच्या पट्टीवर पाच इंच कमी. नावही दुसरं. आणि विचारलं तर ती काही बोलायचीच नाही. माझी चूक झाली."

"तुमची नाही," आजोबा म्हणाले. "पत्र चुकीचं होतं. मी चुकीचं लिहून दिलं."

अधीक्षकबाईंना वाटलं ते त्यांची समजूत घालताहेत. आजीनं मात्र वळून नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतःची चूक परक्या माणसापुढे अशी सरळ ठेवलेली तिनं पाहिली नव्हती.

टाचणी आली. धावत नाही, चालत. दारात उभी राहिली, एक हात चौकटीवर. केस दोन वेण्यांत घट्ट बांधलेले, अंगावर निळा झगा, खांदा व्यवस्थित बसलेला. आजी पुढे झाली तशी ती एक पाऊल मागे गेली. आजी जागीच थांबली. गुडघे दुखत होते तरी खाली बसली, फरशीवरच.

"तुम्ही उशिरा आलात," टाचणी म्हणाली.

"हो," आजी म्हणाली. "खूप उशीर झाला."

"माझे दोन दात पडले इथं."

"बघू?"

तिनं ओठ वर करून दाखवले. मग लगेच मिटून घेतले, जसं काही तेवढंच दाखवायचं ठरलं होतं. "बाबा म्हणाले दोन दिवस. मग मोठ्या बाई म्हणाल्या लवकर येतील. लवकर म्हणजे किती असतं?"

अधीक्षकबाई खिडकीकडे बघू लागल्या.

"आता तुम्ही किती दिवसांसाठी नेताय?" टाचणीनं विचारलं.

आजीच्या ओठांवर शब्द तयार होता. कायमचं. नऊ महिने तो तिनं काजांमध्ये घातला होता, पायडलवर दाबला होता, उशीत तोंड खुपसून म्हटला होता. तो शब्द बाहेर येणारच होता, तोच आजोबा तिच्या शेजारी फरशीवर बसले, एक हात टेकून, कण्हत.

"तीन महिने," ते म्हणाले.

"अहो!" आजी म्हणाली.

"ब्याण्णव दिवस. मी मोजलेत. मग कोर्टात तारीख आहे. तेव्हा तुझे बाबा येतील कदाचित. त्यांना विचारतील, आम्हाला विचारतील."

"आणि मग?"

"मग काय ठरेल ते मला माहीत नाही."

आजीला वाटलं याच्या तोंडावर हात ठेवावा. सगळं घालवतोय हा माणूस. पोर आता आत पळेल, दार लावून घेईल, आणि आपल्या हातात कोर्टाचा कागद राहील. तिच्या पायांची बोटं आपोआप फरशी दाबू लागली.

टाचणी पळाली नाही. ती आजोबांकडे बघत होती, भुवया जवळ आणून. आतून कुठून तरी मुलींच्या पाढ्यांचा आवाज येत होता.

"तारखेला मी पण येणार," ती म्हणाली.

"ये."

"मला पण विचारायचं. आधी कुणी विचारलंच नव्हतं."

"वकीलबाईंना सांगू. त्या विचारायला लावतील."

ती मग आजीकडे वळली. हा प्रश्न तिनं बराच वेळ धरून ठेवला असावा, कारण तो बोलताना तिचा चौकटीवरचा हात घट्ट झाला. "आजी, बाबा घरी आले तर तू त्यांना आत घेशील?"

आजीला जावयाचं ते न बोललेलं तोंड आठवलं. आपलंच बोलणं आठवलं. तिच्या मनात त्या माणसासाठी नऊ महिन्यांचे शिव्याशाप रचून ठेवलेले होते, एकही अजून वापरलेला नव्हता. "घेईन," ती म्हणाली.

"ओरडणार नाहीस?"

"ओरडेन. पण आत घेऊन ओरडेन."

टाचणीनं यावर थोडा विचार केला. मग ती आत गेली. ती किती वेळ आत होती ते आजीला कधीच नीट सांगता आलं नाही. आली तेव्हा पाठीवर पिशवी होती आणि पायांत बूट, नाड्या बांधलेल्या.

परतीची बस अर्धी रिकामी होती. टाचणी दोघांच्या मध्ये बसली, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पट्ट्यांत अडकवलेले. "दे, वर ठेवते," आजी म्हणाली. "राहू दे," टाचणी म्हणाली. आजीनं हात मागे घेतला. आजोबा डोळे मिटून बसले होते, पण झोपलेले नव्हते. त्यांचा अंगठा मांडीवर इंच-इंच सरकत होता.

"आपला कितवा थांबा?" टाचणीनं विचारलं.

"नववा."

ती बोटं मोजू लागली. प्रत्येक थांब्यावर एक बोट दुमडायची आणि बस सुटेपर्यंत दाराकडे बघत राहायची. पाचव्या थांब्यावर ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. "वीस मिनिटं," तो ओरडला, "चहापाणी करून घ्या." माणसं भराभर उतरली. ऊन तिरपं खिडकीतून आलं होतं, सीट तापली होती, सकाळपासून तिघांच्याही घशाखाली पाणी गेलं नव्हतं.

"मी पटकन पाण्याची बाटली घेऊन येतो," आजोबा उठत म्हणाले.

टाचणीचा हात पिशवीच्या पट्ट्यातून सुटला आणि त्यांच्या बाहीला लागला. धरला नाही, नुसता लागला. "बस सुटली तर?"

"वीस मिनिटं म्हणालाय गं तो. समोरच तर आहे दुकान."

"उतरू नका ना," ती म्हणाली. "कुणीच उतरू नका."

आजोबांनी खिडकीतून दुकानाकडे पाहिलं, मग बाहीकडे. ते पुन्हा बसले. आजीनं जीभ ओठांवरून फिरवली आणि पाय सीटच्या खाली ओढून घेतले. बाहेर माणसं चहा पीत उभी होती, कुणीतरी हसत होतं, कंडक्टर चाकाला लाथ मारून हवा बघत होता. रिकाम्या बसमध्ये तिघंजण तहानलेले, दाराकडे तोंड करून, इंजिन सुरू व्हायची वाट बघत बसून राहिले.